प्रा. एडविन सदरलँड : प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांचा हिशेब मांडणारा प्राध्यापक

संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात समाजशास्त्र घेतलेल्या एका विद्यार्थिनीने मागच्या वर्षी आम्हाला प्रश्न केला. "काका, गरिबीमुळे गुन्हे होतात असे आमच्या गाइडमध्ये दिले आहे. मग आपल्या वस्तीतली सगळीच माणसे गुन्हेगार का नाहीत?" प्रश्न विचारून ती खाली बसली, पण आमच्याने त्याचे नीट उत्तर त्या दिवशी देववले नाही. बी. ए.ला असताना आम्हीही तेच गाइड वाचले होते आणि तेच उत्तर लिहून मार्क मिळविले होते. घरी आल्यावर कपाटातले एक जुने पुस्तक काढले. 'प्रिन्सिपल्स ऑफ क्रिमिनॉलॉजी' हे त्याचे नाव. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रेसने साठच्या दशकात हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांसाठी ते छापले होते आणि आम्ही ते फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतले होते. मूळ लेखक प्रा. एडविन सदरलँड. त्या मुलीचा प्रश्न या गृहस्थांनी नव्वद वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता आणि त्याच्या उत्तरापायी उरलेले आयुष्य खर्ची घातले होते. त्यांच्या कारकिर्दीची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

एडविन हार्डिन सदरलँड यांचा जन्म 13 ऑगस्ट 1883 रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या गिबन या लहान गावी झाला. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि पुढे ग्रँड आयलंड येथील कॉलेजचे प्रमुख. घरची शिस्त कडक. त्याच कॉलेजातून 1904 मध्ये ते पदवीधर झाले आणि साउथ डकोटातील सू फॉल्स कॉलेजात दोन वर्षे लॅटिन, ग्रीक, इतिहास व शॉर्टहँड हे विषय शिकवू लागले. लॅटिन आणि शॉर्टहँड एकाच माणसाने शिकवायचे, यावरून त्या कॉलेजची ऐपत वाचकांच्या लक्षात येईलच. पुढे गुन्हेशास्त्राचा आचार्य म्हणून ज्यांचे नाव जगभर झाले, त्यांना या वेळेपर्यंत समाजशास्त्राचा गंधही नव्हता.

तो लागला पोस्टाने. विद्यार्थी मित्रांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. सदरलँड यांना इतिहासात पुढे शिकायचे होते. त्याआधी समाजशास्त्राचा एक अभ्यासक्रम पुरा करणे भाग होते, म्हणून त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमात नाव घातले. आज मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या मुलांना आपले लोक जरा कमी लेखतात. त्यांना हा दाखला द्यायला हरकत नाही. 1906 मध्ये ते प्रत्यक्ष शिकागोला गेले. प्रथम धर्मशास्त्राच्या विद्यालयात नाव घातले, मन इतिहासाकडे होते, आणि प्रा. चार्ल्स हेंडरसन यांच्या वर्गात बसल्यावर ते समाजशास्त्राकडे वळले. मध्यंतरी दोन वर्षे पुन्हा गावच्या कॉलेजात नोकरी केली. 1913 मध्ये डॉक्टरेट मिळाली ती बेकारी आणि सरकारी रोजगार कार्यालये या विषयावर. म्हणजे पहिला अभ्यास चोरांचा नव्हे, कामाच्या शोधात वणवण करणाऱ्या माणसांचा. या माणसांना त्यांनी आधी पाहिले होते, म्हणूनच पुढे 'गरीब म्हणून गुन्हेगार' हे वाक्य त्यांच्या गळी उतरले नसावे, असे आम्हाला वाटते.

डॉक्टरेटनंतर मिसुरी राज्यातल्या लिबर्टी गावच्या विल्यम ज्युएल कॉलेजात त्यांनी सहा वर्षे शिकविले. या काळात त्यांच्या हातून लेखन जवळजवळ काहीच झाले नाही. 1919 मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेल्यावर तेथील विभागप्रमुख प्रा. हेज यांनी, आपण काढीत असलेल्या ग्रंथमालेसाठी गुन्हेशास्त्रावर एक पाठ्यपुस्तक लिहा, असे त्यांना सांगितले. ते पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडले. लेखकाचे वय तेव्हा 41 होते. चाळिशी उलटली म्हणजे आता आपल्या हातून काय व्हायचे, असे म्हणणाऱ्यांत आम्हीही आहोत, म्हणून हा आकडा आम्हाला विशेष आठवतो.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. 1926 ते 1929 मिनेसोटा विद्यापीठ. नंतर न्यूयॉर्कच्या ब्युरो ऑफ सोशल हायजीन या संशोधन संस्थेत काम आणि त्यानिमित्त काही महिने इंग्लंडमधील तुरुंगांची पाहणी. इंग्लंडमधील कैद्यांची संख्या कमी कमी का होत चालली, यावर 1934 मध्ये त्यांनी लेख लिहिला. तुरुंग रिकामे होणे हाही अभ्यासाचा विषय आहे, हे तेव्हा फारसे कोणाच्या डोक्यात आलेले नव्हते. 1930 ते 1935 शिकागो विद्यापीठ, आणि 1935 पासून शेवटपर्यंत इंडियाना विद्यापीठ. तेथे त्यांनी समाजशास्त्र विभाग नावारूपाला आणला.

शिकागोच्या काळात त्यांची गाठ एका व्यावसायिक चोराशी पडली. वीस वर्षांहून अधिक काळ खिसे कापणे, दुकानांतून माल उचलणे, लोकांना गंडवणे यांवर पोट भरणारा हा माणूस. प्राध्यापकांनी त्याला प्रश्न लिहून द्यावेत, त्याने उत्तरे लिहावीत, मग दोघांनी तासन्‌तास बसून त्यावर चर्चा करावी, असा क्रम चालला. त्यातून 1937 मध्ये 'द प्रोफेशनल थीफ' हे पुस्तक झाले. चोराला चिक कॉनवेल हे टोपणनाव दिले. पुस्तकातून पुढे आलेली गोष्ट त्या काळी धक्कादायक होती. चोरी हा त्या लोकांचा रीतसर धंदा होता. त्यात उमेदवारी करावी लागे, जुन्या जाणत्यांनी 'हा आपला' असे मान्य करावे लागे, आपसात दिलेला शब्द पाळावा लागे. केवळ प्रामाणिकपणा सोडला म्हणून कोणी चोर होत नाही, त्यालाही कोणीतरी शिकवावे लागते. बँकेत नवा माणूस लागला की त्याला नोटा मोजायला, बंडल बांधायला, व्हाउचर वाचायला जुना हेडकॅशिअर शिकवतो. तसेच ते.

येथून आपण सदरलँड यांच्या मुख्य सिद्धांताकडे येतो. त्याच्या जन्माची हकिकत मोठी गमतीची आहे. 1933 मध्ये मायकेल आणि ॲडलर या दोघा विद्वानांनी एक अहवाल प्रसिद्ध करून गुन्हेशास्त्राची चांगलीच हजेरी घेतली. या विषयात माहितीचे ढीग आहेत, पण शास्त्र म्हणावे असे काही नाही, असा त्यांचा सूर. सदरलँड यांना तो झोंबला, आणि पटलाही. गरिबी, फुटके संसार, दारू, मंदबुद्धी, वाईट वस्ती अशी कारणांची जंत्री देणे म्हणजे कारण सांगणे नव्हे, हे त्यांनी मनाशी घेतले. पुढे एकदा हेन्री मॅके हे सहकारी त्यांच्याशी बोलताना 'तुमचा सिद्धांत' असे म्हणून गेले. माझा कोणता सिद्धांत, असे सदरलँड यांनीच उलट विचारले, तेव्हा मॅके यांनी त्यांच्याच पुस्तकाचे पान उघडून दाखविले. आपल्या हातून काय लिहून झाले आहे ते दुसऱ्याने दाखवावे लागले, आणि हा प्रसंग सदरलँड यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवला. मोठेपणा मिरविणारा माणूस असे सांगत नाही.

पाठ्यपुस्तकांतून या सिद्धांताला 'विभेदक साहचर्य' असे जड नाव आहे. 1939 च्या आवृत्तीत तो प्रथम मांडला गेला आणि 1947 च्या आवृत्तीत नऊ विधानांत पक्का झाला. सोप्या भाषेत त्याचा आशय असा. गुन्हा रक्तातून येत नाही, तो शिकला जातो. आणि शिकला जातो तो मुख्यतः जवळच्या माणसांत उठता-बसता. शिकताना माणूस दोन गोष्टी घेतो. एक, काम करण्याची हातोटी. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, त्या कामाकडे बघण्याची नजर. 'यात काय बिघडले', 'सगळेच करतात', 'कायदे काय, करणारे करतात आणि मोडणारे मोडतात', ही नजर. प्रत्येकाच्या कानावर कायदा पाळण्याच्या बाजूची आणि तो मोडण्याच्या बाजूची अशी दोन्ही प्रकारची बोलणी पडत असतात. मोडण्याच्या बाजूचे पारडे जड झाले की माणूस तिकडे झुकतो. कोणती बोलणी किती वेळा, किती वर्षे, किती लहानपणापासून आणि किती जवळच्या माणसाकडून ऐकली, यावर पारड्याचे वजन ठरते. पैशाची गरज हे कारण पुरत नाही, कारण चोर पैशासाठी चोरी करतो तसा हमालही पैशासाठीच ओझे उचलतो. गरज दोघांची एकच.

त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आले. उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे. पण ते सांगण्यापूर्वी आमच्या नोकरीतला एक प्रसंग सांगणे जरूर आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाखेत कॅश काउंटरवर होतो. संध्याकाळी कॅश जुळेना. पाचशेच्या दोन नोटा कमी. कॅश शॉर्ट आली तर कॅशिअरने खिशातून भरायची आणि जास्त आली तर ती बँकेच्या खात्यात जमा व्हायची, हा नियम बँकेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आम्ही भरायला तयार होतो. पण साहेबांनी आधी शिपायाला बोलावले आणि सगळ्यांसमोर त्याची डब्याची पिशवी उघडायला लावली. बाकी कोणाची पिशवी उघडली नाही, आमचीसुद्धा नाही. तो शिपाई आमच्याच वस्तीतला, आमच्यापेक्षा वयाने मोठा. पिशवीत डबा, एक टॉवेल आणि मुलीच्या शाळेची फी भरल्याची पावती निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पेन्शनर बाई दोन नोटा परत घेऊन आल्या. आमच्याकडूनच त्यांना जास्त गेल्या होत्या. शिपायाची माफी कोणी मागितली नाही. आम्हीही त्या संध्याकाळी गप्प बसलो, हे येथे लिहून ठेवतो. त्याच महिन्यात त्याच शाखेत एका मोठ्या कर्जदाराचे खाते तडजोडीने मिटविले गेले. त्याने दिलेली स्टॉक स्टेटमेंट खोटी होती, गोडाऊनमध्ये दाखविलेला माल कधी नव्हताच, हे शाखेत सर्वांना माहीत झाले होते. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बसवून चहा मागविला. चहा आणून देणारा तोच शिपाई. एक हजार रुपयांसाठी पिशवी उघडली जाते आणि लाखोंसाठी खुर्ची दिली जाते, ही गोष्ट आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. त्याला शास्त्रात नाव आहे, हे मात्र पुस्तक पुन्हा वाचल्यावर कळले.

ते नाव देणारे सदरलँडच. 27 डिसेंबर 1939 रोजी फिलाडेल्फिया येथे अमेरिकन समाजशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भाषण केले. अर्थशास्त्रज्ञांचीही परिषद तेथेच भरली होती आणि दोन्हीकडचे विद्वान समोर होते. भाषणाचा विषय पांढरपेशा गुन्हेगार. आपल्या मराठीत पांढरपेशा म्हटले की आमच्यासारखा कारकून डोळ्यांसमोर येतो. सदरलँड यांना कारकून अभिप्रेत नव्हता. प्रतिष्ठा असलेल्या, समाजात वरच्या पायरीवर असलेल्या माणसाने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा, असा त्यांचा अर्थ; कंपन्यांचे चालक, व्यवस्थापक, बडे व्यावसायिक यांच्याकडे त्यांचे बोट होते.

त्यांचा युक्तिवाद हिशेबी माणसाला पटणारा आहे. गुन्हेशास्त्राचे सगळे सिद्धांत कशावर उभे आहेत? पोलीस ठाणी, फौजदारी कोर्टे आणि तुरुंग यांच्या नोंदींवर. त्या नोंदींत वरच्या वर्गातील माणसे शेकडा दोनसुद्धा नाहीत. मग त्यावरून गरिबी हे गुन्ह्याचे कारण, असा निष्कर्ष निघणार नाही तर काय होईल? खातेवहीचे एकच पान लिहायचे आणि त्यावरून ताळेबंद काढायचा, असला हा प्रकार. दुसऱ्या पानावरच्या रकमा तर कितीतरी मोठ्या. किराणा दुकानांची साखळी असलेल्या एका कंपनीच्या अधिकाऱ्याने एका वर्षात 6 लाख डॉलरचा अपहार केला, असा दाखला त्यांनी दिला. त्याच वर्षी त्या कंपनीच्या दुकानांवर चोऱ्या आणि दरोडे मिळून पाचशे झाले होते, आणि त्या सर्वांत गेलेल्या रकमेच्या सहापट ही एकट्याची रक्कम होती. पैसा जातो तो जातोच, शिवाय माणसांचा संस्थांवरचा विश्वास जातो, आणि हे नुकसान जास्त, असेही त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी भाषणाची दखल घेतली.

भाषण केले म्हणजे पुरावा झाला नाही, हे त्यांना ठाऊक होते. अमेरिकेतील उत्पादन, खाण व व्यापार या क्षेत्रांतल्या 70 सर्वांत मोठ्या कंपन्या त्यांनी घेतल्या. त्यांचे आयुष्य सरासरी 45 वर्षांचे. या सबंध काळात कोर्टांनी आणि सरकारी आयोगांनी त्यांच्याविरुद्ध दिलेले निर्णय त्यांनी शोधून काढले. मक्तेदारी करून भाव चढविणे, खोट्या जाहिराती, दुसऱ्याचे पेटंट व ट्रेडमार्क लाटणे, कामगारांच्या संघटना मोडण्याचे बेकायदा प्रकार, रेल्वेकडून चोरून मिळविलेली भाडेसवलत, युद्धकाळातील नियमभंग, असे नाना प्रकार. आज कॉम्प्युटरवर बटण दाबून मिळेल ती माहिती तेव्हा निकालपत्रांच्या बाडांतून हाताने उतरवून काढायची होती. बेरीज झाली 980. कंपनीमागे सरासरी 14. एका कंपनीवरील निर्णयांची सर्वांत मोठी संख्या 50. आणि ज्या कंपनीविरुद्ध एकही निर्णय नाही, अशी त्या 70 मध्ये एकही नव्हती.

यातील 158 निर्णय, म्हणजे शेकडा 16, फौजदारी कोर्टांचे होते. बाकीचे मनाईहुकूम, आयोगांचे आदेश, तडजोडी या स्वरूपाचे. याच मुद्द्यावर विरोधकांनी त्यांना गाठले. पॉल टॅपन हे कायदा आणि समाजशास्त्र या दोन्ही विषयांतले विद्वान. त्यांनी 1947 मध्ये लिहिले की फौजदारी कोर्टाने दोषी ठरविल्याशिवाय कोणाला गुन्हेगार म्हणू नये. आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. कोणावरही शिक्का मारण्याआधी पुरावा हवा, हे आपल्यासारख्यांना तर जास्तच कळते. पण सदरलँड यांनी 1945 च्या लेखातच याची दुसरी बाजू मांडून ठेवली होती. कायद्याने ते कृत्य गुन्हा ठरविले आहे ना? त्यासाठी शिक्षा सांगितली आहे ना? मग खटला कोणत्या दारातून आत नेला, याने कृत्य बदलत नाही. प्रतिष्ठितांसाठी कायद्यानेच मागचे, सौम्य दार ठेवले आहे. कायदे करणारे आणि मोठे व्यापारी एकाच वर्तुळात वावरतात, एकमेकांचा आदर करतात. शिवाय नुकसान पसरलेले असते. लाख गिऱ्हाइकांचे दोन-दोन रुपये गेले तर ओरडणार कोण?

त्यातही फौजदारी कोर्टांचे निकाल तेवढे धरले, तरी सुमारे शेकडा 60 कंपन्या दोषी ठरलेल्या होत्या, आणि प्रत्येकी सरासरी चार वेळा. तेव्हाच्या अमेरिकेतल्या अनेक राज्यांत चार वेळा दोषी ठरलेल्या माणसाला कायद्याने 'सराईत गुन्हेगार' म्हणत. सदरलँड यांनी हा नियम कंपन्यांना लावून दाखविला.

सराईत हा शब्द आपल्याकडे कोणाच्या वाट्याला आला, ते आठवून पाहावे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला आलेल्या पोरावरही गुन्हेगारीचा शिक्का बसू लागला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, हजेरी होती. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा. सदरलँड यांनी आपल्या या जमातींचा अभ्यास केला नव्हता. मात्र युरोपात लोंब्रोझो या इटालियन डॉक्टरने 1876 पासून पसरविलेली 'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना त्यांनी आयुष्यभर खोडून काढली. कवटीच्या मापावरून, शरीराच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो म्हणणारे विद्वान त्यांच्या काळी अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांत होते. कंपन्यांचा अभ्यास हे त्यांना दिलेले सर्वांत सणसणीत उत्तर होते. कंपनीला कवटी नसते.

आता पुस्तकाची हकिकत. 'व्हाइट कॉलर क्राइम' 1949 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातून त्या 70 कंपन्यांची नावे गायब होती. हस्तलिखितात ती होती. फौजदारी कोर्टात दोषी न ठरलेल्या कंपन्यांना गुन्हेगार म्हटले तर अब्रूनुकसानीचे दावे लागतील, असे प्रकाशकाच्या वकिलांनी सांगितले आणि नावे काढावी लागली. ज्या माणसाने सगळा जन्म 'गुन्हा कोणाचा ते स्पष्ट लिहा' असे म्हणण्यात घालविला, त्याच्याच पुस्तकात ते लिहिता आले नाही. त्यांनी नावे काढायला नको होती, असे आमचा एक मित्र म्हणतो. आम्हाला तसे ठामपणे म्हणवत नाही. पासष्टी उलटलेल्या प्राध्यापकासमोर छापलेले पुस्तक आणि न छापलेले पुस्तक असे दोनच पर्याय होते. छापल्यामुळे आकडे तरी जगासमोर आले. 11 ऑक्टोबर 1950 रोजी विद्यापीठाकडे चालत जात असताना ते वाटेत कोसळले आणि त्यांचे निधन झाले. वय 67.

नावांसह संपूर्ण पुस्तक येल विद्यापीठाच्या मुद्रणालयाने 1983 मध्ये काढले. गिल्बर्ट गाइस आणि कॉलिन गॉफ यांची त्याला प्रस्तावना आहे. म्हणजे नावे 34 वर्षांनी छापली गेली, आणि तोवर लेखकाला जाऊन 33 वर्षे झाली होती.

त्यांच्या विद्यार्थ्यांत डोनाल्ड क्रेसी यांचे नाव आमच्यासारख्या बँकवाल्यांना जवळचे वाटावे. इंडियाना विद्यापीठात सदरलँड यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. विषय होता विश्वासाने सोपविलेल्या पैशाचा अपहार करणारी माणसे. त्यासाठी तुरुंगांतील 133 कैद्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 1953 मध्ये 'अदर पीपल्स मनी' हे पुस्तक लिहिले. अपहार करणाऱ्याला कोणापाशी बोलून दाखविता न येणारी पैशाची अडचण असते, ती गुपचूप सोडविण्याची संधी हाताशी असते, आणि 'मी चोरत नाही, उसने घेतो आहे, परत ठेवीन' अशी समजूत त्याने स्वतःची घालून घेतलेली असते, असे त्यांना आढळले. गुरूचा सिद्धांत जसाच्या तसा लागू होत नाही, हे दिसल्यावर क्रेसी यांनी आपली गृहीतके एकामागून एक बदलली. आमच्या मते सदरलँड यांच्या सिद्धांताचा कच्चा दुवा येथेच आहे. कानावर पडलेली बोलणी मोजायची कशी आणि पारडे कधी झुकले हे ओळखायचे कसे, याचे माप त्यांनी दिले नाही. मात्र मूळ पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या याच शिष्याने गुरूच्या नावासह चालविल्या. आमच्याजवळची प्रतही सदरलँड आणि क्रेसी अशा दोघांच्या नावाची आहे.

आपल्या देशात हा विचार पोहोचायला फार वेळ लागला नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधासाठी 1962 मध्ये नेमलेल्या संथानम समितीने आपल्या अहवालात या वर्गाच्या गुन्ह्यांची चर्चा केली. विधी आयोगाने 1966 च्या एकोणतिसाव्या अहवालात सामाजिक व आर्थिक गुन्ह्यांचा विचार करताना हाच धागा धरला आणि 1972 च्या सत्तेचाळिसाव्या अहवालात अशा गुन्ह्यांच्या खटल्यांवर व शिक्षांवर लिहिले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्ह्याच्या कलमात आर्थिक गुन्हाही घातला आहे. कायद्याचे विद्यार्थी हे अहवाल जरूर पाहोत. स्पर्धा परीक्षांतही यावर प्रश्न येतात.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढच्या रविवारी एवढेच सांगितले की, तुझ्या गाइडमध्ये खातेवहीचे एकच पान आहे. तिने लगेच विचारले, "मग परीक्षेत काय लिहू?" दोन्ही पाने लिही आणि सदरलँड यांचे नाव दे, असे आम्ही म्हटले. तिने तसे लिहिले आणि पेपर बरा गेला. ज्या शिपायाचा वर उल्लेख केला, ते आता निवृत्त झाले आहेत. हा लेख छापण्यापूर्वी आम्ही तो त्यांना वाचून दाखविला. पिशवीचा प्रसंग गाळू का, असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या, साहेब. पण डब्यात भाकरी होती, तेही लिहा." तेही लिहिले.

पुस्तकाची प्रत संस्थेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. बांधणी सुटली आहे, तेव्हा जपून हाताळावी आणि नोंदवहीत नाव लिहूनच घरी न्यावी.